अर्बुदरोधक प्रथिने

अर्बुदरोधक प्रथिने : कोशिकेच्या (पेशीच्या) विभाजनाला योग्य वेळी आवर घालणारी, तिला आपल्या ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहाचे) विशिष्ट रूप धारण करण्यास साहाय्य करणारी आणि दुरुस्त न होण्याइतकी इजा झाल्यास तिचा अंत घडवून आणणारी प्रथिने. ती तयार करण्याची माहिती ज्या जीनांत (आनुवंशिक एककांत) असते त्यांना अर्बुदरोधक जीन म्हणतात. हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. अर्बुदाला (अनिर्बंध वाढणाऱ्या गाठीला) रोखण्यासाठी म्हणून ही प्रथिने शरीरात असतात असे नाही. निरोगी कोशिकेच्या नित्य व्यवहाराचाच ती भाग आहेत. मात्र ती नाहीशी झाली म्हणजे अर्बुद उद्‌भवते आणि तेव्हाच त्यांचे अस्तित्व ध्यानात येते. त्यामुळे त्यांच्या संशोधनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी, जे हरवले आहे त्यावरून ते काय होते हे ओळखण्याचा इतिहास आहे. या इतिहासातील काही प्रकरणे महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, घडलेली आहेत. [⟶ कर्करोग, कोशिका].

पूर्वपीठिका : कोशिकेत विभाजनाला विरोध करणारे काही घटक असावेत, ही कल्पना टेओडोर बोव्हेरी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी १९१४ मध्ये मांडली. सागरी अर्चिनाच्या अंड्यांत गुणसूत्रांची वाटणी विषम झाल्यास वाढ कशी बिघडते हे त्यांनी पाहिले होते. त्यावरून, काही गुणसूत्रे विभाजनाला आवर घालतात व ती गमावलेली कोशिका बेफाम वाढते, असे अनुमान त्यांनी काढले. ते तपासण्याची साधने तेव्हा नव्हती. मानवी कोशिका शरीराबाहेर जिवंत ठेवता आल्याशिवाय या विषयाला प्रायोगिक पाया मिळणे शक्य नव्हते व तो मिळण्यास आणखी काही दशके लागली.

भारतात ऊतक संवर्धनाचे (शरीराबाहेर कोशिका वाढविण्याचे) तंत्र रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म पुण्याचा. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. हुजूरपागा शाळेत व नंतर फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये एम्. एस्‌सी. पदवी मिळविली. तेव्हाचा त्यांचा विषय सीताफळाच्या कुलातील वनस्पतींची गुणसूत्रे हा होता. कर्करोगाकडे वळलेल्या या संशोधिकेने गुणसूत्रे वाचण्याचे पहिले धडे सीताफळाच्या जातिबांधवांवर गिरवावेत, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. विवाहानंतर मुंबईस आल्यावर विख्यात विकृतिवैज्ञानिक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच्. डी. पदवी संपादन केली. पुढे त्या बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेन्‍रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशय-ग्रीवेच्या (गर्भाशयाच्या मुखाशी असलेल्या भागाच्या) अर्बुदातून, तिच्या संमतीवाचून घेतलेल्या कोशिका ज्या प्रयोगशाळेत प्रथम अखंड वाढू लागल्या, ती हीच. 'हेला' या नावाने त्या कोशिका जगभर गेल्या. अर्बुदरोधक प्रथिनांच्या इतिहासात त्यांचा उल्लेख पुन्हा येईल.

मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (स्थापना १९५२) ऊतक संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती देशातील या प्रकारची पहिली होय. उंदरांच्या विशिष्ट वाणांत स्तनार्बुदे पिढ्यान्‌पिढ्या का उद्‌भवतात, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांच्या संबंधाकडे लक्ष वेधणाऱ्या प्रारंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. अर्बुदरोधक जीन ही संज्ञा त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात प्रचारात नव्हती. परंतु कर्करोगाची प्रवृत्ती कोशिकेत कोठून येते हा त्यांचा प्रश्न आणि कोशिका काचपात्रात वाढवून त्याचे उत्तर शोधण्याची त्यांची रीत, या दोन्ही गोष्टी पुढील संशोधनात कायम राहिल्या.

अभावाचा पुरावा : विसाव्या शतकाच्या सातव्या व आठव्या दशकांत बहुतेक संशोधकांचे लक्ष कर्करोग घडवून आणणाऱ्या जीनांवर केंद्रित झाले होते. काही व्हायरस असे जीन कोशिकेत आणून सोडतात व ती अर्बुदी बनते, हे दिसून आले होते. याच्या विरुद्ध दिशेचा पुरावा १९६९ मध्ये ऑक्सफर्डचे हेन्‍री हॅरिस आणि स्टॉकहोमचे गेऑर्ग क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. त्यांनी उंदराच्या कर्ककोशिका व निरोगी कोशिका यांचे मीलन घडवून संकरित कोशिका तयार केल्या. कर्करोग हा केवळ एखाद्या अतिरिक्त जीनाचा परिणाम असता, तर हा संकरही अर्बुदी व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तो निरुपद्रवी निघाला. पुढे विभाजने होत असता संकरित कोशिकेतून काही गुणसूत्रे गळून पडली, तेव्हा अर्बुदे पुन्हा दिसू लागली. निरोगी कोशिकेकडे असे काही तरी होते की, जे कर्ककोशिकेने गमावले होते. बोव्हेरींचे अनुमान पंचावन्न वर्षांनी खरे ठरत होते.

१९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी या प्रश्नाला गणिती रूप दिले. लहान मुलांच्या डोळ्याच्या जालपटलात होणाऱ्या अर्बुदाच्या (रेटिनोब्लास्टोमाच्या) ४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्या मुलांत हा रोग आनुवंशिक होता त्यांना तो लवकर व बहुधा दोन्ही डोळ्यांत होई. इतरांत तो उशिरा व एकाच डोळ्यात होई. प्रत्येक जीनाच्या दोन प्रती असतात. दोन्ही निकामी झाल्यावरच अर्बुद होते आणि आनुवंशिक प्रकारात एक प्रत जन्मतःच निकामी असते, असे स्पष्टीकरण नडसन यांनी दिले. १३ व्या गुणसूत्रावरील हा जीन १९८६ मध्ये हाती आला. त्याच्या प्रथिनाला आरबी म्हणतात.

पी-५३ या दुसऱ्या प्रथिनाची कथा इतकी सरळ नाही. १९७९ मध्ये इंग्लंड, अमेरिका व फ्रान्स येथील प्रयोगशाळांत ते जवळजवळ एकाच वेळी आढळले. त्याचा रेणुभार प्रथम सु. ५३,००० मोजला गेला म्हणून हे नाव पडले. तो वस्तुतः सु. ४३,७०० आहे, परंतु नाव तसेच राहिले. एसव्ही-४० या व्हायरसाने अर्बुदी केलेल्या कोशिकांत त्याच्या एका प्रथिनाला पी-५३ घट्ट चिकटलेले आढळे. कर्ककोशिकांत ते विपुल प्रमाणात असे. शिवाय त्याचा जीन दुसऱ्या एका कर्कजनक जीनासह निरोगी कोशिकांत घातल्यास त्या अर्बुदी होत. त्यामुळे पी-५३ हेच कर्करोगकारक आहे, असा समज जवळजवळ दहा वर्षे टिकला. १९८९ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हा जीन नष्ट किंवा विकृत झालेला दिसला. त्याच वर्षी आर्नल्ड लेव्हिन यांच्या गटाने दाखविले की, मूळ पी-५३ अर्बुदनिर्मिती थांबविते. आधीच्या प्रयोगांत वापरलेल्या जीनाच्या प्रतींतच उत्परिवर्तन (आनुवंशिक संरचनेतील बदल) झालेले होते. ज्या कर्ककोशिकांतून जीन मिळविला, त्यांनी तो आधीच बिघडवून ठेवलेला होता. बिघडलेल्या वस्तूवरून मूळ वस्तूचा स्वभाव ठरविण्यात आला होता. मानवी कर्करोगांपैकी सु. निम्म्यांत पी-५३ चा जीन उत्परिवर्तित असतो, असे नंतर आढळून आले.

कार्य : विभाजनाची तयारी करणाऱ्या कोशिकेला प्रथम आपल्या डीएनए रेणूंची प्रत काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी लागणाऱ्या जीनांना चालना देणारे ई२एफ हे प्रथिन आरबी धरून ठेवते. बाहेरून वाढीचा संदेश आला म्हणजे सायक्लिन डी हे प्रथिन वाढते. त्याच्या साहाय्याने कार्य करणारी एंझाइमे आरबीला फॉस्फेट गट जोडतात, तेव्हा त्याची पकड सैल होऊन विभाजनाचा मार्ग मोकळा होतो. पी-५३ चे काम वेगळे आहे. निरोगी कोशिकेत ते तयार होते व एमडीएम-२ या प्रथिनामुळे लगेच नष्टही होते. डीएनएला इजा झाल्यास मात्र ते टिकून राहते व पी-२१ हे प्रथिन निर्माण करविते. पी-२१ वरील एंझाइमांना अडविते आणि दुरुस्तीला अवधी मिळतो. इजा फार असेल, तर पी-५३ बॅक्स, प्यूमा इ. प्रथिनांच्या द्वारे कोशिकेचा नियोजित मृत्यू घडवून आणते.

वाढ थांबविणे व कोशिकेचे प्रभेदन (विशिष्ट कार्यासाठी वेगळे रूप धारण करणे) या गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत, हे १९९२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. ज्या गर्भांत आरबीच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या होत्या ते अर्ध्या वाटेतच मेले. त्यांच्यातील तांबड्या कोशिका व तंत्रिका कोशिका नीट घडल्या नव्हत्या. पी-५३ नसलेले उंदीर मात्र बहुतांशी व्यवस्थित जन्मले व काही महिन्यांत अर्बुदांनी मेले. आरबी शरीर घडवितानाच लागते आणि पी-५३ ची उणीव बहुधा संकटकाळी भासते, असा या फरकाचा अर्थ लावता येतो. दोन्ही प्रथिनांना एकाच वर्गात घालताना हा भेद विसरता कामा नये.

पुण्यातील संशोधन : केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६ मध्ये पुण्यात प्राण्यांच्या ऊतक व कोशिका संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा स्थापन केली. देशातील प्रयोगशाळांसाठी कोशिकांचे वाण जतन करून ते पुरविणे हे तिचे मूळ कार्य होते. हीच संस्था पुढे राष्ट्रीय कोशिकाविज्ञान केंद्र या नावाने गणेशखिंड येथील पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या) आवारात नांदू लागली. कोशिकांचा साठा सांभाळण्याचे काम करीत असतानाच तिने स्वतंत्र संशोधनही हाती घेतले. अर्बुदरोधक प्रथिनांच्या बाबतीत तिचे नाव जोडले गेले ते स्मार-१ या प्रथिनामुळे.

केंद्रकातील डीएनए हा मोकळा धागा नसतो. हिस्टोन प्रथिनांभोवती तो गुंडाळलेला असतो आणि ठिकठिकाणी केंद्रकातील आधारजालाला बांधलेला असतो. या बांधणीच्या जागांना चिकटणारी काही प्रथिने आहेत. समित चट्टोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या संशोधनात असे एक प्रथिन उंदराच्या यौवनलोपी ग्रंथीतील (थायमसमधील) अपक्व कोशिकांत सापडले. त्याचे वर्णन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. टी-कोशिकांच्या (प्रतिकारक्षमतेत भाग घेणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या कोशिकांच्या) ग्राहीच्या जीनाजवळ ते बांधले जाई. म्हणजे स्मार-१ प्रथम भेटले ते प्रतिकारक्षमतेच्या अभ्यासात. कर्करोगाशी त्याचा संबंध लागला तो पुण्यात. मानवात याच प्रथिनाचा जीन १६ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाकडे आहे.

पुण्याच्या गटाने २००३ मध्ये दाखविले की, स्मार-१ हे पी-५३ शी प्रत्यक्ष जोडले जाऊन त्याला कार्यप्रवण करते. उंदराच्या रंगद्रव्य-कोशिकांच्या अर्बुदात (मेलॅनोमात) त्याचे प्रमाण वाढविले असता कोशिका विभाजनाच्या उंबरठ्यावर अडून राहिल्या व उंदरांतील अर्बुदांची वाढ लांबली. २००५ मधील संशोधनात दुसरी बाजू उघड झाली. सायक्लिन डी-१ च्या जीनापाशी स्मार-१ हिस्टोनांवरील ॲसिटिल गट काढून टाकणारे एंझाइम आणून बसविते. त्यामुळे त्या भागातील डीएनए आवळला जातो व जीन मुका होतो. हा परिणाम जीनाच्या आरंभस्थानापासून सु. ५,००० आधार-जोड्यांपर्यंत पसरलेला आढळला. एकीकडे पी-५३ ला बळ द्यायचे व दुसरीकडे आरबीची पकड सैल करणाऱ्या सायक्लिनाचा उगमच बंद करायचा, अशा दोन्ही मार्गांना हे एक प्रथिन स्पर्श करते. स्तनाच्या कर्करोगाच्या नमुन्यांत त्याचे प्रमाण घटलेले असते, असेही आढळले.

या संशोधनातील सर्वांत विचारप्रवर्तक निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पी-५३ कोशिका वाचवू शकते, तसेच मारूही शकते. मग कोणत्या वेळी काय करायचे हे ठरते कसे, हा जुना प्रश्न होता. बॅक्स व प्यूमा या दोन मृत्युकारी प्रथिनांच्या जीनांपाशी स्मार-१ बांधले जाण्याची एकसारखीच जागा आहे. इजा सौम्य असताना स्मार-१ तेथे बसून दोन्ही जीन दाबून ठेवते. पी-५३ वरील ॲसिटिल गटही काढले जातात आणि कोशिकेला दुरुस्तीची सवलत मिळते. इजा तीव्र असल्यास स्मार-१ केंद्रकातील काही विशिष्ट पिंडांत अडकून पडते, जीनांवरील दाब उठतो आणि कोशिका मरते. त्यापूर्वीच, २००९ मध्ये, स्मार-१ हे पी-५३ व एमडीएम-२ या दोहोंना एकत्र आणून पी-५३ ची क्रिया आवरते घेते, असेही याच गटाने नोंदविले होते. वरवर पाहता हे २००३ च्या निष्कर्षाशी विसंगत वाटते. पण धोका टळल्यावर गजर बंद करणेही आवश्यकच असते. अशा प्रथिनाला अर्बुदरोधक म्हणावे ते एकूण परिणामावरून. प्रत्येक प्रसंगी ते कोशिकेला रोखतेच असे नाही.

प्रभेदनातील त्याचा भागही मूळ शोधाला धरून पुढे तपासला गेला. ज्या उंदरांच्या टी-कोशिकांत स्मार-१ नाही, त्यांच्यात साहाय्यक टी-कोशिकांचा ॲलर्जीशी संबंधित प्रकार नीट घडत नाही व श्वासमार्गाचा ॲलर्जीजन्य दाह सौम्य राहतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा अर्बुदरोधक प्रथिनाची उणीव सर्वच बाबतींत हानिकारक असते असे म्हणता येत नाही. स्मार-१ वर आधारलेले औषध मात्र अद्याप वापरात आलेले नाही. हे प्रथिन अनेक जीनांशी संबंध ठेवून असल्यामुळे त्याचे प्रमाण बाहेरून वाढविणे वाटते तितके निर्धोक नाही.

व्हायरस, प्रथिने व लस : अर्बुदरोधक प्रथिनांच्या ज्ञानाचा लोकांच्या आयुष्याशी सर्वांत निकटचा संबंध गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगात येतो. हारल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला १९८३ मध्ये या अर्बुदांत पॅपिलोमा व्हायरसाचा १६ वा प्रकार सापडला. १९८९ मध्ये त्याचे ई-७ हे प्रथिन आरबीला बांधून निष्प्रभ करते असे आढळले. १९९० मध्ये ई-६ हे प्रथिन पी-५३ ला नाशाच्या मार्गाला लावते असे दिसून आले. व्हायरसाला आपल्या प्रती काढण्यासाठी कोशिका विभाजनाच्या अवस्थेत हवी असते. त्यासाठी तो दोन्ही पहारेकऱ्यांना दूर करतो. हेला कोशिकांत याच कुलातील १८ वा प्रकार आहे. त्यांच्यातील पी-५३ व आरबी यांचे जीन मुळात निर्दोष आहेत. जीन शाबूत पण प्रथिन मात्र तयार होताच नष्ट, अशा स्थितीत त्या १९५१ पासून वाढत आहेत. पुण्याच्या केंद्राच्या साठ्यातही त्या आहेत.

कोशिकेतील ही घटना व रोगाचे प्रकट होणे यांत अनेक वर्षांचे अंतर असते. तेवढ्यात व्हायरस शोधता आला, तर मृत्यू टाळता येईल काय, हे पाहण्यासाठी बार्शी (जि. सोलापूर) येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून मोठा अभ्यास करण्यात आला. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग-नोंदणी चालू असल्यामुळे मृत्यूंचा हिशेब ठेवणे शक्य होते. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. व्हायरसाची चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तितक्याच मोठ्या तुलना-गटात ते ६४ होते. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुलना-गटातील स्त्रियांची तपासणी केली नाही, याबद्दल पुढे टीकाही झाली व ती अप्रस्तुत म्हणता येणार नाही. त्या आकड्यांनी सिद्ध केलेल्या गोष्टीची किंमत त्याच गटाने मोजली होती.

२००९ मध्येच लसीच्या मात्रांची तुलना करणारी एक चाचणी भारतात सुरू झाली. पुणे व बार्शी ही तिच्या केंद्रांपैकी होती. अन्य राज्यांतील एका वेगळ्या प्रकल्पावरून वाद उद्‌भवल्यामुळे एप्रिल २०१० मध्ये शासनाने अशा सर्व अभ्यासांतील लसीकरण थांबविले. तोपर्यंत १७ हजारांहून अधिक मुलींना लस टोचली गेली होती. मात्र कोणाला तीन, कोणाला दोन, तर कोणाला एकच मात्रा मिळाली होती. संशोधकांनी या मुलींचा मागोवा सोडला नाही. व्हायरसाच्या १६ व्या व १८ व्या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही तीन मात्रांइतकेच संरक्षण मिळते, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठराविक वयोगटासाठी एक मात्रा पुरेशी मानता येईल अशी भूमिका घेतली.

त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेच्या 'सर्व्हाव्हॅक' या लसीला देशात मान्यता मिळाली. ती व्हायरसाच्या ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. तिच्यात ई-६ किंवा ई-७ नसते. व्हायरसाच्या बाह्य कवचाच्या प्रथिनापासून बनविलेले पोकळ कण असतात. ते टोचल्यावर तयार होणारी प्रतिपिंडे व्हायरसाला कोशिकेत शिरण्यापूर्वीच गाठतात. संसर्ग आधीच झाला असल्यास ही लस तो बरा करीत नाही. म्हणून ती लहान वयात देतात आणि मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी तपासणी चालू ठेवावी लागते.